कुणाच्या हाती?

बाहेरदेशीची वस्तू घरी येणे ही आम्हा कोकणी मुसलमानांना नवलाची गोष्ट नाही. आमच्या कित्येक घरांचे संसार तीन-चार पिढ्या अशा येण्यावरच उभे राहिले. पैसा बँकेच्या ड्राफ्टने आला, पण वस्तू आल्या त्या माणसांच्या हातून. बहरीनहून, कुवेतहून, दोह्याहून गावचा कोणी सुटीवर निघाला की आठ दिवस आधीपासून त्याच्या खोलीवर लोकांची ये-जा सुरू होई. कोणी बायकोसाठी कापड देई, कोणी आईच्या गुडघ्यांसाठी मलम, कोणी मुलासाठी घड्याळ. चिठ्ठी तर प्रत्येकाचीच असे. नेणारा वैतागे, वजनावरून हुज्जत घाली, 'मी काय हमाल आहे?' असेही म्हणे. पण नेई. गावात शिरल्यावर आपल्या घरच्या माणसांशी धड बोलणे व्हायच्या आत तो लोकांच्या वस्तू वाटायला निघे. त्या सामानाला 'अमानत' म्हणत. अमानत पोचल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नसे.

या पद्धतीचे गोडवे गाण्याचा माझा इरादा नाही. तिच्यातही कुरबुरी होत्या. 'माझी साबणाची वडी कमी आली' यावरून दोन घरांत वर्षभर बोलणे बंद झालेले मी पाहिले आहे. आणणाऱ्याचे उपकार फेडता फेडता माणूस मेटाकुटीला येई. विमानतळावर कस्टमवाल्यांनी पेटी उघडली की दुसऱ्याच्या टेपरेकॉर्डरचा खुलासा बिचाऱ्या नेणाऱ्याला करावा लागे. हे सगळे होतेच. तरी एक गोष्ट पक्की होती. वस्तू आली नाही, तर कोणाच्या दारात जाऊन विचारायचे, हे ठाऊक होते.

आता वस्तू निराळ्या वाटेने येतात. परदेशातल्या दुकानाची खिडकी आपल्या हातातल्या फोनवर उघडते. पण पुष्कळ दुकाने, आणि विशेषतः जुन्यापान्या वस्तू विकणारी साधी घरगुती माणसे, आपल्या देशाबाहेर माल पाठवायला तयार नसतात. कस्टमचे कागद, परत येणारी पार्सले, हरवलेल्या मालाची भरपाई, ही कटकट त्यांना नको असते. तिथे मधला माणूस उभा राहतो. त्याला पार्सल फॉरवर्डिंग म्हणतात. तो इंग्लंड-अमेरिकेत एक गोदाम भाड्याने घेतो आणि आपल्याला तिथला पत्ता देतो. पत्ता सगळ्यांचा एकच, फक्त त्यापुढे प्रत्येकाचा वेगळा क्रमांक. दुकानदार त्या पत्त्यावर माल पाठवतो. गोदामवाला तो उचलून कुरिअरने आपल्याकडे रवाना करतो आणि त्याचे पैसे घेतो. कल्पना सोयीची आहे. आखातातल्या आपल्या मुलांना तर ती आता इतकी सवयीची झाली आहे, की अमेरिकेतले बूट बहरीनमध्ये मागवताना त्यांना काही वाटत नाही.

मला या वाटेने जावे लागले ते एका फोटोसाठी.

माझे अब्बा १९५६ साली 'द्वारका' बोटीने पहिल्यांदा बहरीनला गेले. ही ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची बोट. मुंबईहून कराचीमार्गे आखातातली बंदरे घेत बसऱ्यापर्यंत जाणाऱ्या चार बोटी त्या काळी होत्या: दुमरा, द्वारका, दारा आणि दारेसा. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ ते १९५० या काळात त्या एकामागून एक कामावर आल्या. आमच्या दाभोळ खाडीकाठच्या गावांत या बोटींची नावे घरच्या माणसांसारखी घेतली जात. 'तो दुमऱ्याने गेला', 'हा द्वारकेने येतोय' असे म्हणत. अब्बा तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यात फिटर होते. आखातातल्या पहिल्या दहा-बारा वर्षांतल्या त्यांच्या जवळजवळ सगळ्या फेऱ्या डेकवरून झाल्या, आणि त्यांपैकी बहुतेक द्वारकेच्याच. कुठल्याशा फेरीत त्यांनी बोटीचा एक फोटो मिळवला आणि घरी आणून काचेत बसवला. पुढे आम्ही चिपळूणला राहायला आलो तेव्हा तो फोटोही आला. अब्बा १९९८ साली वारले. फोटो भिंतीवर राहिला.

२२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचे पाणी आमच्या घरातल्या पंख्याला लागले. ज्यांनी तो दिवस पाहिला त्यांना वेगळे सांगायला नको. अम्माला शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर नेले, म्हणून ती वाचली. पाणी उतरल्यावर घरात गुडघाभर चिखल होता. भांडी धुऊन घेतली, कपाटे टाकून दिली, कागद तर सगळेच गेले. त्यात तो फोटोही गेला. अम्माने कपाटाबद्दल विचारले नाही, फ्रिजबद्दल विचारले नाही. भिंतीकडे बघून एवढेच म्हणाली, "बोट गेली काय रे?"

तिला त्या बोटीचे एवढे का, हे परक्याला कळायचे नाही. ८ एप्रिल १९६१ ला दुबईजवळ 'दारा' बोटीवर स्फोट झाला, आग लागली, आणि २३८ माणसे दगावली. बातमी गावात पोचली ती 'आखातातली बोट जळाली' एवढीच. कोणती, ते कोणाला नीट सांगता येईना. अब्बा त्या महिन्यात सुटीवर येणार होते. अम्मा तेव्हा बावीस वर्षांची, पदरात माझी थोरली बहीण. कितीतरी दिवस घरात चूल पेटली ती शेजारणींनी पेटवली म्हणून. मग एका संध्याकाळी खाडीपलीकडच्या गावचा एक माणूस आमच्या अंगणात येऊन उभा राहिला. बहरीनहून आलेला. त्याच्या डोक्यावर त्याची स्वतःची पेटी तशीच होती. दाभोळला उतरल्यावर आपल्या घरी न जाता तो आधी आमच्याकडे आला होता, कारण त्याच्या खिशात अब्बांची चिठ्ठी होती. चिठ्ठीत दोन ओळी होत्या: मी खैरियतीने आहे, सुटी पुढे गेली आहे, आता द्वारकेने येईन. तेव्हापासून द्वारका ही अम्माच्या लेखी माणसाला सुखरूप आणणारी बोट झाली. त्या चिठ्ठीवाल्या माणसासाठी ती अजून दुआ मागते.

१९८२ साली द्वारकेची शेवटची फेरी झाली आणि कराचीजवळ गडानीच्या किनाऱ्यावर ती मोडीत निघाली. तेव्हा नवा फोटो कोण काढणार? पण जुने फोटो इंग्लंडात असतात. त्या बोटींवर काम केलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या घरांतून, त्यांच्या पश्चात, अशा वस्तू विक्रीला येतात. २०२३ च्या जानेवारीत माझ्या भाच्याने बहरीनहून फोन केला, "मामू, बोट सापडली!" इंग्लंडातल्या एका बाईने द्वारकेचा चाळीस बाय तीस सेंटिमीटरचा, लाकडी चौकटीतला, काचेचा फोटो विकायला काढला होता. किंमत चोवीस पौंड, म्हणजे तेव्हाचे सुमारे चोवीसशे रुपये. बाईंनी कळवले, मी फक्त इंग्लंडात पाठवते. तिकडून इतक्यात येणारे ओळखीचे कोणी नव्हते. तेव्हा भाच्यानेच मला एका फॉरवर्डिंग कंपनीत नाव नोंदवून दिले. अम्माला सांगितले, तर तिने पहिलाच सवाल केला, "कुणाच्या हाती दिलंय?"

मी म्हटले, "कंपनी आहे अम्मा. ते आणतात."

"हां, पण कुणाच्या हाती?"

त्या प्रश्नाचे उत्तर मी पुढचे चार महिने शोधत होतो.

बाईंनी फोटो दुसऱ्याच दिवशी रवाना केला. तिथल्या टपालखात्याने तो तीन दिवसांत गोदामात पोचवला आणि सहीनिशी पोचल्याची नोंदही केली. पण कंपनीच्या माझ्या खात्यावर काही दिसेना. विचारले, तर उत्तर आले, आमच्याकडे असे पार्सल आलेले नाही. सही दाखवली, तर म्हणाले, सही कोणाची ते सांगता येत नाही. पुष्कळ खणाखणीनंतर उलगडा झाला. टपालाच्या छापील चिठ्ठीत पत्त्याची दुसरी ओळ कापली गेली होती, आणि माझा क्रमांक नेमका त्या ओळीत होता. माझे नाव पार्सलावर ठळक होते. पण त्या गोदामात नावाला किंमत नाही, माणूस म्हणजे क्रमांक. क्रमांक नसलेले पार्सल 'बेवारस' विभागात जाऊन पडते. ते आपलेच, असे सिद्ध करण्यासाठी त्यांना पक्के बिल हवे होते. घरातली जुनी वस्तू विकणारी बाई पक्के बिल कुठून देणार? शेवटी त्या बिचारीने हाताने पावती लिहिली, तिचा फोटो काढून पाठवला, आणि तेविसाव्या दिवशी पार्सल माझ्या नावावर चढले. गोदामात वीस दिवस फुकट, पुढे रोजचे भाडे, असा नियम. मला तीन दिवसांचे भाडे लागले. म्हणजे वस्तू त्यांना सापडत नव्हती त्या दिवसांचे भाडे मी भरले.

मग वजनाचा हिशेब आला. विमानाच्या मालात नुसते वजन धरत नाहीत, जागाही धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करायचा आणि त्याला पाच हजारांनी भागायचे. जो आकडा येईल ते किलो. खरे वजन आणि हे वजन यांतले जे जास्त, त्यावर पैसे. बाईंनी काच फुटू नये म्हणून भरपूर पुठ्ठा घालून साठ बाय पंचेचाळीस बाय दहाचे खोके केले होते. त्याचा गुणाकार सत्तावीस हजार, भागाकार ५.४ किलो. खरे वजन दोन किलोसुद्धा नव्हते. या हिशेबात गैर काही नाही. विमानात जागेचेच मोल असते. कंपनीने विचारले, खोके लहान करून पैसे वाचवू का? मी 'नाही' या रकान्यात खूण केली आणि ५.४ किलोचे पूर्ण पैसे भरले. पैसे फोटोच्या किमतीच्या दुपटीजवळ गेले. पण काच आणि चौकट शाबूत राहावी म्हणूनच बाईंनी ते खोके केले होते, आणि ते तसेच यावे हीच माझी इच्छा होती.

त्यानंतर कस्टमचा कागद. त्यावर वस्तूचे वर्णन कंपनी लिहिते. लिहिले काय, तर 'कागदी वस्तू, वापरलेली, नग १'. कंपनीच्या प्रतिनिधीने संगणकावरच्या गप्पांत मला सुचवले, की 'भेटवस्तू' लिहिले तर सुटसुटीत होईल. एक तर ती भेट नव्हती, मी विकत घेतली होती. आणि दुसरे म्हणजे १२ डिसेंबर २०१९ पासून आपल्या सरकारने टपाल-कुरिअरने येणारा माल भेट म्हणून सोडवून घेणे बंदच केले आहे, अपवाद फक्त जीवरक्षक औषधांचा आणि राखीचा. परदेशी कंपनीला हे ठाऊक नसेल, तर तिने भारतात माल पाठवण्याचा धंदा कसा करावा? मी नकार कळवला. प्रतिनिधी म्हणाला, तुमची अडचण आम्ही समजू शकतो. हे वाक्य मला त्या चार महिन्यांत इतक्या वेळा आले, की ते लिहिणारा माणूस आहे की यंत्र, याचा विचार मी सोडून दिला. दर वेळी नाव निराळे, वाक्य तेच, आणि हकिकत मी पुन्हा पहिल्यापासून सांगायची.

माल दिल्लीला उतरला आणि अडकला. कुरिअरने येणारा माल सोडवताना घेणाऱ्याची ओळख पटवावी लागते. मी आधार कार्ड पाठवले. उत्तर आले, नाव जुळत नाही. आता हा अनुभव आपल्या वाचकांपैकी कोणाला नसेल? आधारवर 'मोहम्मद' पूर्ण, पॅन कार्डावर तीन-चार अक्षरे आणि पुढे टिंब, बँकेच्या पुस्तकात आडनाव आधी. इंग्रजी स्पेलिंग लिहिणारा शाळेचा कारकून निराळा, रेशनवाला निराळा, आधारवाला निराळा. प्रत्येकाने आपल्या कानाला पटेल तसे लिहिले. पार्सलावर होते ते फॉरवर्डिंग कंपनीच्या खात्यातले नाव, आणि त्या खात्याच्या रकान्यात ठरावीक अक्षरांपलीकडे मावत नसल्याने तिने माझे आडनाव मध्येच तोडले होते. पस्तीस वर्षे मी शाळेत हजेरी घेतली. मुलाच्या नावाचा उच्चार चुकला, तर त्याची माफी मागायचा माझा रिवाज होता. इथे मला माझेच नाव माझे असल्याचा स्टँपपेपर करून द्यावा लागला. त्यात सतरा दिवस गेले. मग ड्यूटी आणि त्यावर कुरिअरचा माल सोडवण्याचा आकार. ड्यूटीपेक्षा तो आकार मोठा होता.

या काळात अम्माच्या डोळ्यांचे काय चालले होते, ते कोणत्याही रकान्यात बसत नव्हते. तिच्या नजरेचा मधला भाग अंधूक होत चालला होता. डॉक्टरांनी सांगितले होते, जे आहे ते टिकवू, गेलेले परत येणार नाही. जानेवारीत ती वर्तमानपत्रातले मोठे मथळे वाचत होती. एप्रिलमध्ये तिला माणूस ओळखायला त्याचा आवाज लागू लागला. मी प्रतिनिधीला एकदा हे लिहिले. घाई करण्यासाठी जादा आकार भरून वरच्या दर्जाची सेवा घेता येईल, असे उत्तर आले.

मेच्या शेवटच्या आठवड्यात पार्सल चिपळूणला आले. आधी दोन दिवस 'पत्ता सापडला नाही' असा निरोप येत होता. आमच्या गल्लीत टपालाचा पोस्टमन डोळे मिटून येईल. तिसऱ्या दिवशी कुरिअरवाला पोरगा ते कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात ठेवून गेला. मी बघितले, तर माझे खोके नव्हते. पन्नास बाय बारा बाय बाराचे लांबट डबे असावे तसे काही होते, मधोमध चेपलेले. आत चौकट नव्हती, काच नव्हती, पुठ्ठा नव्हता. फोटो गुंडाळी करून रबर लावून घातला होता. सत्तर वर्षांपूर्वीचा जाड कागद, तो गुंडाळीला कसा ऐकणार? खोके चेपले तेव्हा गुंडाळीही चेपली आणि फोटोला या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी घडी पडली. घडीवरचा काळा थर उडून खालचा पांढरा कागद दिसत होता. घरी येऊन मी त्या खोक्याचा हिशेब केला: १.४४ किलो. पैसे ५.४ किलोचे घेतले आणि वस्तू आणली १.४४ च्या खोक्यातून, तीही मी स्पष्ट 'नाही' म्हटले असताना.

अम्मासमोर फोटो खिडकीच्या उजेडात धरला. तिने तो डोळ्यांच्या एका कडेने पाहिला, कारण आता तेवढीच कड उरली होती. बोटीचा पुढचा भाग, डेक, असे बोट फिरवत फिरवत ती धुरांड्यापाशी आली. ब्रिटिश इंडियाच्या बोटींचे धुरांडे काळे आणि त्यावर दोन पांढरे पट्टे. बंदरावर उभ्या राहिलेल्या बायका त्या पट्ट्यांवरून बोट ओळखत. अम्मा थांबली. म्हणाली, "ही द्वारका नाही. हिला तीन पट्टे आहेत."

घडी नेमकी धुरांड्यावरून गेली होती. मी तिला समजावून सांगितले. तिने मान हलवली, पण तिला ते पटले की नाही, हे मला अजून माहीत नाही. अधूनमधून ती कोणाला तरी सांगते, मुलाने बोट आणली, पण दुसरीच आली.

मी भरपाई मागितली. पैशाचा प्रश्न नव्हता, कोणीतरी 'हे आमच्याकडून झाले' म्हणावे एवढीच अपेक्षा होती. फॉरवर्डिंग कंपनी म्हणाली, खोके चेपले ते कुरिअरकडे. कुरिअर म्हणाले, आत नीट बांधले नव्हते, बांधणाऱ्याला विचारा. बांधणारी म्हणे गोदामातली निराळी ठेकेदार संस्था, तिच्याशी ग्राहकाचा करार नाही. विम्याच्या अटींत जुन्या वस्तू आणि काच दोन्ही वगळलेल्या. शिवाय कुरिअरच्या पावतीमागे बारीक अक्षरात आंतरराष्ट्रीय कराराची अट होती. १९९९ च्या माँट्रियल करारानुसार हवाई मालाच्या नुकसानीची जबाबदारी वजनावर ठरते. २०२३ साली ती किलोमागे २२ एसडीआर होती. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक. २८ डिसेंबर २०२४ पासून ही मर्यादा २६ झाली आहे. माझा फोटो चौकट काढल्यावर भरला चारशे ग्रॅम. म्हणजे फार तर हजार रुपयांच्या आतली भरपाई, तीही जबाबदारी कोणी कबूल केली तर. सात आठवड्यांनी वजनातल्या फरकाचे पैसे तेवढे परत आले, तेही माझ्या बँकेत नाही. कंपनीच्याच खात्यात जमा, पुढच्या पार्सलासाठी.

कायदा आपल्याकडे आहे, हे मी मुद्दाम नमूद करतो, कारण आपल्या पुष्कळ लोकांना ते माहीत नसते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आणि त्याखालचे ई-कॉमर्सचे नियम २०२० चे. भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीरपणे माल किंवा सेवा देणारी संस्था परदेशात नोंदलेली असली, तरी हे नियम तिला लागू होतात. तक्रार मिळाल्याची पोच अठ्ठेचाळीस तासांत आणि निवारण एका महिन्यात, असे त्यात लिहिले आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. मी तक्रार नोंदवली. पोच अठ्ठेचाळीस तासांत आली. त्यानंतर एक दिवस 'प्रकरण निकाली' असा निरोप आला. काय निकाल लागला, ते त्यात नव्हते.

इथे मला पुन्हा अम्माचा प्रश्न आठवतो. माझे पार्सल इंग्लंडातल्या त्या बाईपासून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत निदान आठ-नऊ जणांच्या हातून आले. प्रत्येकाने यंत्राने त्याच्यावर टिपटिप केले, प्रत्येक टिपटिपीची वेळ माझ्याकडे मिनिटासकट आहे. एवढा चोख हिशेब गावच्या कुठल्याच माणसाने कधी ठेवला नव्हता. पण त्या आठ-नऊ हातांपैकी एकालाही खोक्यात काय आहे, ते कोणासाठी आहे आणि ते का जपायचे, हे माहीत नव्हते. आणि ते माहीत करून घेणे हे त्यांच्या कामात बसत नव्हते. गोदामात खोके कापणाऱ्या त्या मजुराला मी दोष देत नाही. त्याला तासाला किती खोकी उरकायची आहेत, कोण जाणे. आपलीही मुले दुबईच्या गोदामांत हेच काम करतात. चौकट काढ म्हटले की तो काढतो. दोष त्या रचनेचा आहे, जिच्यात पैसे घेणारा एक, उचलणारा दुसरा, बांधणारा तिसरा, आणि विचारायला गेले की प्रत्येकजण पुढच्याकडे बोट दाखवतो.

जुनी पद्धत परत आणता येणार नाही, आणि आणूही नये. आज माझ्या भाच्याने सुटीवर येताना दहा घरांचे सामान वाहावे, असे मी म्हणणार नाही. चिपळूणसारख्या गावातल्या माणसाला सातासमुद्रापलीकडच्या घरातली वस्तू मिळू शकते, ही मोठी गोष्ट आहे. ज्यांना औषधपाण्याची उपकरणे, अभ्यासाची पुस्तके, यंत्राचे सुटे भाग असे मागवावे लागतात, त्यांना या सेवांवाचून गत्यंतर नाही. मागणे एवढेच आहे, की ज्याने दारापासून दारापर्यंतचे पैसे घेतले, त्यानेच दारापासून दारापर्यंतची जबाबदारी घ्यावी. ग्राहकाने 'उघडू नका' म्हटले तर उघडू नये. आणि कागदावर वस्तूचे नाव लिहावे. अमानत या शब्दात याहून वेगळे काही नाही. तो शब्द आपल्या वडिलांनी धर्माच्या पुस्तकातून जेवढा शिकला, तेवढाच बोटीच्या डेकवर शिकला.

फोटो तसाच ठेवता येत नव्हता. जूनमध्ये, पाऊस लागायच्या आधी, मी तो बाजारपेठेतल्या फ्रेमवाल्याकडे नेला. पुरात त्याचेही दुकान गेले होते, आता पुन्हा उभे केले आहे. त्याने फोटो टेबलावर पसरला, हात पुसले आणि घडीवरून हलकेच बोट फिरवले. म्हणाला, "सर, ही जाणार नाही. मी दाबून बसवतो, पण दिसणार." मग विचारले, कुठली बोट? मी सांगितले. दोन दिवसांनी या, म्हणाला, आणि पावतीपुस्तकात कार्बन घालून पावती फाडून दिली. रस्त्यावर येऊन मी ती वाचली. 'द्वारका बोटीचा जुना फोटो, नग १. मधे आडवी घडी आहे. जपून.' खाली त्याची सही होती.

पाच महिन्यांत माझ्याकडे जमलेल्या कागदांची ही जाडजूड फाइल आहे. त्यात वस्तूचे नाव लिहिलेला हा पहिला कागद.